हवाना सिगार आणि जुने हवाना

क्यूबात पिकलेल्या तंबाखूची पाने क्यूबातच हाताने वळून जो सिगार तयार होतो, तो हवाना सिगार. स्पॅनिश बोलणारे शहराला ‘ला आबाना’ म्हणतात आणि सिगारला ‘आबानो’. पैठणची म्हणून पैठणी, तसेच हे नाव गावावरून पडले. हवानाच्या जुन्या भागातल्या चौकांत, अंगणांत आणि किल्ल्यांच्या तटांवर बसून सिगार ओढत शहर न्याहाळणे हा तिथे येणाऱ्या अनेक प्रवाशांचा नेम आहे. या नोंदीत सिगार आणि शहर यांचा एकत्र विचार केला आहे, कारण हवानाच्या बाबतीत एकाला सोडून दुसरे कळत नाही. बंदर, तटबंदी, कारखान्यांच्या इमारती, कामगारांच्या चळवळी आणि स्वातंत्र्यलढा, जिकडे पाहावे तिकडे तंबाखूचे पान आहेच.

१४९२ मध्ये कोलंबसची जहाजे क्यूबाला लागली. त्याने बेटाच्या आतल्या भागात पाठवलेल्या रोद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोरेस या दोघांना तिथले ताइनो लोक पानांची सुरळी पेटवून धूर ओढताना दिसले. युरोपीय माणसाने तंबाखू ओढणे पाहिल्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. पुढच्या शंभर वर्षांत पोर्तुगीजांच्या जहाजांतून हे पीक भारतात पोचले. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहासाठी नेलेल्या नजराण्यात तंबाखू होता. ‘तंबाखू’ हा आपला शब्दही स्पॅनिश-पोर्तुगीज ‘ताबाको’चाच नातेवाईक. ‘चिरूट’ मात्र तमिळमधल्या ‘सुरुट्टु’वरून आला. त्याचा अर्थ गुंडाळी असा असून तो दक्षिणेतून इंग्रजीतही गेला.

आजच्या जागी हवाना वसले ते १५१९ मध्ये. मेक्सिको आणि पेरूची चांदी घेऊन स्पेनकडे निघालेली जहाजे या खोलगट, सुरक्षित बंदरात जमत आणि तांडा करून अटलांटिक ओलांडत. साहजिकच चाच्यांची नजर या बंदरावर होती. १५५५ मध्ये फ्रेंच चाचा जॅक दे सोर याने शहर लुटून जाळले. त्यानंतर रेआल फुएर्सा हा दगडी किल्ला उभा राहिला, बंदराच्या तोंडावर १५८९ पासून एल मोरो किल्ल्याचे काम सुरू झाले, आणि शहराभोवती तटही बांधला गेला. एवढे करूनही १७६२ मध्ये इंग्रजांनी हवाना जिंकलेच. दुसऱ्या वर्षी फ्लोरिडाच्या बदल्यात ते स्पेनला परत मिळाले आणि लगेच ला काबान्या हा प्रचंड किल्ला बांधायला घेतला गेला.

या सगळ्या काळात तंबाखूवर राजाची करडी नजर होती. १७१७ मध्ये स्पेनने क्यूबाच्या तंबाखूचा मक्ता स्वतःकडे घेतला. शेतकऱ्याने ठरलेल्या भावाने सरकारलाच पान विकायचे, आणि ते पान सेव्हिलच्या शाही कारखान्यात जायचे. हवानाच्या आसपासच्या तंबाखू शेतकऱ्यांनी त्याच वर्षी बंड केले, पुन्हा १७२० मध्ये केले, आणि १७२३ मध्ये तिसऱ्यांदा उठले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना देहान्त शिक्षा झाली. क्यूबाच्या इतिहासातला हा शेतकऱ्यांचा पहिला मोठा उठाव. सिगारच्या पेटीवरची सोनेरी चित्रे पाहताना ही माणसे आठवावीत असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मक्ता शेवटी १८१७ मध्ये उठला आणि हवानात खासगी कारखान्यांची रीघ लागली. एच. उपमान १८४४ मध्ये आणि पार्तागास १८४५ मध्ये सुरू झाला, तर रोमेओ इ हुलिएता १८७५ मधला. १८३७ मध्ये हवाना ते बेहुकाल रेल्वे धावली तीही याच भरभराटीच्या दिवसांत. तोवर स्पेनमध्येसुद्धा रेल्वे नव्हती.

सिगारची खरी शेती हवानात नाही, तर पश्चिमेकडच्या पिनार देल रिओ प्रांतात, वुएल्ता अबाहो या भागात होते. तांबूस वालुकामय माती, दमट हवा आणि कोरडा हिवाळा हे तिथले भांडवल. सिगारच्या बाहेरून दिसणारे पान, म्हणजे ‘कापा’, पातळ, लवचीक आणि डाग नसलेले लागते. म्हणून ती रोपे पांढऱ्या जाळीदार कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. आतल्या भरणाची रोपे उघड्या उन्हात वाढतात. एकाच रोपाच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या पानांना वेगवेगळी नावे आहेत. खालचे ‘वोलादो’ चांगले जळते, मधल्या ‘सेको’चा उपयोग सुगंधासाठी, आणि सर्वांत जास्त ऊन खाल्लेल्या ‘लिहेरो’मुळे कडकपणा येतो. सिगारची चव म्हणजे मुख्यतः या तिघांचे प्रमाण. पाने हातानेच, खालून वर, काही दिवसांच्या अंतराने खुडतात. मग सुई-दोऱ्याने ओवून, उंच लाकडी कोठारात काठ्यांवर सुमारे 50 दिवस टांगतात. नंतर ती ढीग रचून आंबवतात. त्या ढिगांतून अमोनियाचा उग्र वास बाहेर पडतो आणि पानाचा कडवटपणा उतरतो. लिहेरोला मुरायला सर्वांत जास्त, वर्षानुवर्षांचा, वेळ द्यावा लागतो.

वळण्याच्या दालनाला ‘गालेरा’ म्हणतात. शाळेच्या बाकांसारख्या रांगा, प्रत्येकासमोर लाकडी पाट, अर्धचंद्राच्या आकाराची ‘चावेता’ नावाची सुरी आणि बिनरंगी डिंकाची वाटी, एवढीच सामग्री. वळणारी भरणाची पाने एकेक करून तळहातावर घेते, पंख्याच्या घड्यांसारखी दुमडते आणि बोटांनी चाचपून बघते. मध्ये पोकळी राहिली तर सिगार भरभर जळतो, आणि गाठ पडली तर धूरच येत नाही. लिहेरो मधोमध, बाकीचे त्याच्या भोवती. त्यावर बांधणीचे पान गुंडाळून तयार झालेली कांडी लाकडी साच्यात घालून दाबाखाली ठेवतात. शेवटी कापा पाटावर पसरून चावेताने एका फटक्यात काठ कापायचा, कांडी तिरकी ठेवून पान तिच्याभोवती खेचत न्यायचे, आणि टोकावर पानाचाच छोटा गोल डिंकाने चिकटवायचा. चांगल्या हातून कापाच्या शिरा सगळ्या एका दिशेने उतरत जातात. विडी वळणाऱ्या बाईला पाहिलेल्या माणसाला हा बोटांचा वेग ओळखीचा वाटेल. मध्यम आकाराचे सिगार वळणारा कारागीर दिवसाला शंभराच्या आसपास सिगार करतो. पूर्वी हे काम पुरुषांचे मानले जाई. आज गालेरात बाया मोठ्या संख्येने दिसतात.

गालेरातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र पाटावर नसते. ती व्यासपीठावर, खुर्ची टाकून बसलेली असते. कामगार काम करत असताना त्यांना मोठ्याने वाचून दाखवणारा हा ‘लेक्तोर’. ही प्रथा १८६५ मध्ये हवानाच्या एल फिगारो कारखान्यात सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी पार्तागासमध्ये पोचली. सातुर्निनो मार्तीनेस या सिगार कामगाराने चालवलेल्या ‘ला आउरोरा’ या पत्राने तिचा हिरिरीने पुरस्कार केला. वाचणाऱ्याचा मोबदला कामगार आपल्याच मजुरीतून वर्गणी काढून देत, आणि कोणते पुस्तक लावायचे हेही तेच मत देऊन ठरवत. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. उतारा आवडला की टाळ्यांच्या ऐवजी चावेता पाटावर आपटतात आणि सगळे दालन खणखणते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांनी इथे कादंबऱ्या ऐकल्या, जगातल्या घडामोडी ऐकल्या आणि ती आपल्या मजुरीचा हिशेब मांडायला शिकली. सरकारला याचा धोका लगेच कळला. १८६६ मध्येच वाचनावर बंदी आली. ती टिकली नाही. मोंतेक्रिस्तो आणि रोमेओ इ हुलिएता ही सिगारची नावे कामगारांच्या आवडत्या वाचनातून आली असे सांगतात. २०१२ मध्ये क्यूबाने या वाचनाला राष्ट्राच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. आज लेक्तोरसमोर ध्वनिक्षेपक असतो, पण माणूस मात्र असतोच.

फ्लोरिडाच्या की वेस्ट आणि टँपा या गावांत स्थलांतरित क्यूबन सिगार कामगारांची मोठी वस्ती होती. क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते होसे मार्ती यांनी तिथल्या कारखान्यांत भाषणे करून स्वातंत्र्यलढ्यासाठी निधी जमवला. १८९५ च्या उठावाचा आदेश एका सिगारच्या आत गुंडाळून क्यूबात पाठवला गेला, ही हकीकत तिथे आजही अभिमानाने सांगितली जाते.

क्रांतीनंतर १९६० मध्ये सिगार उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले. अनेक जुने मालक देश सोडून गेले आणि त्यांनी त्याच नावांचे सिगार डोमिनिकन प्रजासत्ताकासारख्या देशांत काढले. त्यामुळे आज कित्येक नावे दोन-दोन आहेत, एक क्यूबाचे आणि एक बाहेरचे. फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाशी व्यापार बंद केला. त्यावर सही करण्याआधी त्यांनी आपल्याला हजारभर उपमान आणून द्यायला सांगितले आणि आपण 1,200 आणले, असे त्यांचे वृत्तसचिव पिएर सॅलिंजर यांनी लिहून ठेवले आहे. क्यूबाचा सर्वांत नावाजलेला कोहिबा १९६६ मधला. तो हवानाच्या पश्चिमेकडच्या एल लागितो या वाड्यात वळला जाई आणि बरीच वर्षे फक्त राज्याच्या पाहुण्यांना भेट म्हणून दिला जाई. १९८२ पासून तो बाजारात मिळू लागला.

सिगारचा आकार लांबी आणि जाडी यांवरून ठरतो. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. मोंतेक्रिस्तो क्रमांक ४ हा 129 मिमी लांब आणि 42 जाडीचा, रोबुस्तो 124 मिमी आणि 50 जाडीचा. सिगार 65 ते 70 टक्के आर्द्रतेत ठेवावा लागतो. कोरडा पडला की कापा तडकतो, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघडा राहिला तर बुरशी धरतो. रस्त्यात “कारखान्यातून आणलेत, अर्ध्या किमतीत” म्हणून पुढे येणारे सिगार बहुधा नकली असतात. पेटीवरचा हिरवट-पांढरा सरकारी पट्टा आणि तळाचा हाताने बनवल्याचा शिक्का पाहावा, पण खरेदी अधिकृत दुकानातूनच करावी आणि पावती जपावी. धूर छातीत न घेता तोंडातच घोळवतात, त्यामुळे सिगार निरुपद्रवी असल्याचा समज पसरला आहे. तो साफ खोटा आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेचा कर्करोग सिगारमुळे होतो, आणि शेजारी बसलेल्यालाही धुराचा त्रास होतो. शहराची ही बाजू सिगारला हात न लावताही पुरेपूर पाहता येते. मेर्कादेरेस रस्त्यावर तंबाखूचे छोटे संग्रहालय आहे. तिथून जवळच, कोंदे दे विल्यानुएवा या जुन्या वाड्यातल्या हॉटेलात खोल्यांना तंबाखूच्या मळ्यांची नावे दिली आहेत.

जुने हवाना आणि त्याची तटबंदी १९८२ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. पडझडीला आलेले हे शहर उभे करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात शहराचे इतिहासकार एउसेबिओ लेआल (१९४२–२०२०) यांना जाते. पर्यटनातून येणारा पैसा १९९० च्या दशकापासून थेट दुरुस्तीत वळवण्याची व्यवस्था त्यांनी उभी केली आणि दुरुस्त वाड्यांत रहिवासी, शाळा आणि दवाखाने टिकवण्याचा आग्रह धरला.

सकाळी ऊन चढण्याआधी प्लासा दे आर्मास या चौकात जावे. तिथल्या राज्यपालांच्या वाड्यासमोरच्या रस्त्यावर दगडाऐवजी लाकडी ठोकळे बसवलेले आहेत. शेजारच्या १८२८ च्या एल तेम्प्लेते या छोट्या देवळासारख्या इमारतीपुढे सेइबाचे झाड आहे. शहराच्या वाढदिवसाला, १६ नोव्हेंबरला, लोक रांग लावून त्याला तीन फेऱ्या घालतात आणि मनात इच्छा धरतात. कॅथेड्रलची दर्शनी भिंत समुद्री दगडाची आहे. अगदी जवळ गेले की त्यात शंख आणि पोवळ्यांचे ठसे दिसतात. ओबिस्पो रस्त्याने पश्चिमेला चालत गेले की १९२९ चा कापितोलिओ, म्हणजे संसदेची इमारत, लागतो, आणि त्याच्या मागे पार्तागासची पिवळसर-तांबडी इमारत, जिथून कारखाना आता दुसरीकडे हलला आहे. बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००५ पासून मनाई असल्याने सिगार अंगणात किंवा मालेकोन या समुद्रकाठच्या रस्त्याच्या कठड्यावरच शिलगावावा लागतो. एक सिगार संपायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात भिंतीवर लाटा आदळत राहतात आणि संध्याकाळचे सगळे गाव समोरून फिरून जाते.

दिवसाचा शेवट बंदरापलीकडे ला काबान्यावर करतात. रात्री नऊ वाजता अठराव्या शतकातल्या सैनिकांच्या वेशातली तरुण मुले मशाली घेऊन तटावर येतात आणि तोफ डागतात. शहराची वेस बंद झाल्याची ही जुनी खूण. १८६३ पासून तट पाडायला सुरुवात झाली आणि वेशी गेल्या, तरी तोफ रोज वाजते आणि हवानातले लोक अजून तिच्यावर घड्याळ लावतात.