अमाझिलिया आता अमाझिलियात नाही

पेरू आणि इक्वेडोरच्या कोरड्या किनारपट्टीवर अमाझिलिया नावाचा एक छोटा हमिंगबर्ड राहतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याचं शास्त्रीय नाव होतं अमाझिलिया अमाझिलिया. आज ते अमाझिलिस अमाझिलिया आहे. यातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा. ज्या प्रजातीशी त्याचं नाव जुळतं, तिच्यातूनच तो बाहेर पडला. पक्षीनिरीक्षक अशा बदलांवर वैतागतात, पण यामागे शास्त्रज्ञांची लहर नाही. कुणाचं कुणाशी खरं नातं आहे, हे फार उशिरा कळलं आहे.

१७५८ मध्ये स्वीडिश वर्गीकरणतज्ज्ञ लिनिअसने त्याला माहीत असलेले सगळे हमिंगबर्ड ट्रॉकिलस या एकाच प्रजातीत घातले. आज हमिंगबर्डच्या ३५० हून जास्त जाती माहीत आहेत आणि त्या शंभराहून अधिक प्रजातींत विभागल्या आहेत. ट्रॉकिलसमध्ये उरले आहेत ते फक्त जमैकातले लांब शेपटीचे हमिंगबर्ड.

एकोणिसाव्या शतकात या पक्ष्यांची हजारो कातडी युरोपात विकायला येत. पक्षी नेमका कुठला, हे बहुतेकदा ठाऊकच नसे. मग वर्गीकरण करायचं कशावरून? पिसांच्या रंगावरून आणि चोचीच्या आकारावरून. इथेच घात झाला. या पिसांची चमक रंगद्रव्याची नसते. पिसाच्या आत मेलॅनिन या काळपट द्रव्याच्या चपट्या, हवेचे बुडबुडे असलेल्या कणांचे थर असतात आणि त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशातून ती झळाळी तयार होते. थरांची जाडी जराशी बदलली की हिरव्याचा निळा होतो. त्यामुळे दूरचे नातेवाईक सारखे दिसू शकतात आणि सख्खे अगदी वेगळे.

‘एमराल्ड’ म्हणजे पाचू गटात हा गोंधळ सर्वांत मोठा होता. या गटात शंभराहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच हिरव्याच. २०१४ मध्ये २८४ जातींच्या डीएनएवरून हमिंगबर्डचा वंशवृक्ष प्रसिद्ध झाला. त्यात नऊ मोठ्या शाखा स्पष्ट दिसल्या. अमाझिलियाचे सदस्य मात्र पाचूंच्या शाखेत ठिकठिकाणी विखुरलेले निघाले. एका प्रजातीत एकाच पूर्वजाचे वंशज असायला हवेत, ही आजच्या वर्गीकरणाची मूळ अट. ती इथे पार मोडली होती. २०१७ मध्ये पाचूंच्या प्रजातींची नव्याने मांडणी झाली.

प्रजाती फोडली की नाव कुणाकडे राहणार, हे नियमांनी ठरतं. प्रत्येक प्रजातीचं नाव एका विशिष्ट जातीला बांधलेलं असतं. अमाझिलिया हे नाव बांधलेलं होतं दालचिनी रंगाच्या मध्य अमेरिकी हमिंगबर्डला, म्हणून ते त्याच्याकडे गेलं. जुनं वैध नाव उपलब्ध असेल तर नवं घडवता येत नाही, आणि दुसऱ्या एखाद्या प्राण्याला आधीच दिलेलं नावही चालत नाही. पांढऱ्या पोटाच्या एका हमिंगबर्डसाठी व त्याच्या जवळच्या नातेवाइकासाठी २०१७ मध्ये इलियोटिया हे नाव सुचवलं गेलं. ते आधीच वापरलेलं निघालं, म्हणून २०१९ मध्ये त्याचं इलियोटोमिया झालं. जांभळ्या डोक्याचा हमिंगबर्ड तर अमाझिलियातून ल्युकोलियात आणि २०२१ मध्ये तिथून रामोसोमियात गेला. ही काटेकोर शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे दोन देशांतले अभ्यासक एका नावाने एकाच पक्ष्याबद्दल बोलू शकतात.

या खटाटोपातून हाती काय लागलं, ते कॅरिबियन बेटांवर छान दिसतं. क्युबा, हिस्पॅनिओला आणि पोर्तो रिकोचे पाचू हिरवे, म्हणून त्यांना मुख्य भूमीवरच्या हिरव्या पक्ष्यांच्या क्लोरोस्टिल्बॉन या प्रजातीत ठेवलं होतं. डॉमिनिका आणि मार्टिनिकचा निळ्या डोक्याचा हमिंगबर्ड वेगळा दिसतो, म्हणून त्याची प्रजाती स्वतंत्र होती. आता हे सगळे बेटवासी रिकॉर्डिया या एकाच प्रजातीत आहेत. म्हणजे निळ्या डोक्याच्या या पक्ष्याचे जवळचे नातेवाईक शेजारच्या बेटांवरच होते.