संगमरवरी कबरीची पाटी घासायला घेण्याआधी

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की आमच्याकडे एकच मागणी येते : "आजोबांची पाटी नव्यासारखी पांढरी करून द्या." आम्ही बहुतेक वेळा नाही म्हणतो. का, ते या पत्रकात सांगितले आहे.

नाशिकचा आपला दगड म्हणजे काळा बेसाल्ट. काळाराम मंदिर त्याचेच. संगमरवराची जात वेगळी. तो मकराण्याचा असो की इटलीहून आलेला, मुळात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचा भाऊबंद. संगमरवरी ओट्यावर लिंबू सांडले की तेवढी जागा निस्तेज होते. पाऊस तेच करतो, फक्त सावकाश. स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी असतो (पीएच ५.६ च्या आसपास). त्याने आधी चकाकी जाते, मग अक्षरांच्या कडा बोथट होतात.

दुसरा शत्रू ऊन. संगमरवराचा कण तापला की एका दिशेने फुगतो आणि दुसऱ्या दिशेने आक्रसतो. जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार अशी वर्षानुवर्षे ओढाताण झाली की कणांची पकड सुटते. पाटीवरून हलकेच बोट फिरवा. साखरेसारखी कणी हाताला लागली, तर पुढे काहीही करू नका, ब्रशही नको. पातळ पाट्या कधी पापडासारख्या वाकतात. त्या सरळ करायला जाऊ नका, मोडतात.

पाटी घट्ट असेल तर साधे पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर सबुरी, एवढेच साहित्य लागते. आधी दगड पूर्ण भिजवा, मग खालून वर घासत जा म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ उठत नाहीत. बोअरचे जड पाणी वाळल्यावर पांढरे डाग ठेवते, म्हणून शक्य तर नळाचे घ्या. शेवाळ सहज निघते. दगडफूल (हो, मसाल्यातल्या दगडफुलाचेच गणगोत) मात्र दगडात रुतलेले असते. ते सुके असताना खरवडले तर दगडाचा थर घेऊनच निघते. ओले करून लाकडी काडीने जेवढे सुटेल तेवढेच काढा.

फरशीचे अ‍ॅसिड, ब्लीच, तारेचा ब्रश आणि प्रेशरचा पंप यांना स्मशानभूमीच्या फाटकाबाहेरच ठेवा. अ‍ॅसिड टाकल्यावर फेस येतो आणि पाटी पांढरी दिसते, पण तो फेस म्हणजे तुमचा दगडच विरघळत असतो. मशीनने पॉलिश केले तरी तेच, अक्षरांची खोली जाते. वरून सिलिकॉनचा लेप देऊ नका, आत ओल कोंडते.

जुन्या पाट्यांत शिशाची अक्षरे ठोकलेली असतात. काही गळून पडलेली दिसतील. त्या जागी ऑइलपेंट फासू नका : शिसे बसवायला पाडलेल्या बारीक भोकांवरून अक्षर कोणते होते ते ओळखता येते. पुसट मजकूर वाचायचा असेल तर संध्याकाळी बॅटरी एका बाजूने तिरकी धरा आणि फोटो काढा. खडू किंवा पीठ चोळायची गरज पडत नाही. हे काम आजच करा. पाटी साफ करणे एखादे वर्ष लांबले तरी चालेल.

तडा गेला असेल तर सिमेंट भरू नका. ते दगडापेक्षा कडक असते, शिवाय त्यातले क्षार दगडात उतरतात. आम्ही चुना वापरतो. आतला लोखंडी गज गंजून फुगल्याने दगड फुटला असेल, तर गज काढून स्टेनलेस स्टीलचा बसवावा लागतो. ते घरी करायचे काम नव्हे. कुठलेही काम कुटुंबाच्या आणि स्मशानभूमीच्या व्यवस्थापनाच्या परवानगीशिवाय आम्ही हाती घेत नाही.

२ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवसासाठी (ऑल सोल्स डे, ख्रिस्ती लोक आपल्या मृतांची आठवण करतात तो दिवस) दुरुस्ती हवी असेल तर पाऊस ओसरताच कळवा. चुना सावकाश पकडतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आलात, तर आम्ही पाटी फक्त पाण्याने धुऊन देऊ.