कातडीचे ‘क्लिअरिंग’: एका शब्दामागचा गुंता

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अदृश्य उंदीर’ची बातमी सगळीकडे फिरली. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदराच्या पोटावरचे केस काढून टार्ट्राझिनचे द्रावण चोळले आणि काही मिनिटांत आतड्यांची हालचाल नुसत्या डोळ्यांनी दिसू लागली. उंदीर काही अदृश्य झाला नव्हता. तेवढीच जागा नारिंगी-लाल झाली होती आणि पाण्याने धुतल्यावर कातडी पूर्ववत झाली. टार्ट्राझिन म्हणजे गोळ्या-सरबतांच्या वेष्टनावर ‘१०२’ असा छापलेला असतो तो पिवळा रंग. ऊती अशा पारदर्शक करण्यालाच ‘क्लिअरिंग’ म्हणतात.

भज्यांचा कागद तेल प्यायला की मागच्या पानावरची अक्षरे वाचता येतात. कागदाचे तंतू आणि मधली हवा यांच्या अपवर्तनांकात (प्रकाश किती वळतो ते सांगणाऱ्या आकड्यात) मोठा फरक असतो, तो तेल भरून काढते. कातडीत हवेच्या जागी पाणी (१.३३) आणि तंतूंच्या जागी कोलॅजन (कातडीला बळकटी देणारे प्रथिन) व मेद (१.४५च्या आसपास). या दोघांच्या सीमेवर प्रकाश पुन:पुन्हा वळतो, आणि म्हणून कातडी अपारदर्शक दिसते.

हा फरक द्रवाने भरून काढण्याची युक्ती मृत अवयवांवर लायपझिगमधल्या एका शरीरशास्त्रज्ञाने १९११च्या सुमारासच वापरली होती. त्याच्या द्रवातले मिथाइल सॅलिसिलेट आपल्याला दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या मलमाच्या वासावरून माहीत आहे. जिवंत ऊतींकडे लक्ष वळले ते फार उशिरा. १९९०च्या दशकात रशियातल्या साराटोव्हमध्ये डोळ्याच्या पांढऱ्या पटलावर ग्लुकोजसारख्या द्रावणांचे प्रयोग झाले. १९९९ मध्ये टेक्सासमधल्या गटाने प्राण्यांच्या कातडीत ग्लिसरीन वापरून विकिरण (प्रकाशाचे विखुरणे) कमी करून दाखवले. सलाईन लावले की कातडी परत धूसर व्हायची.

वाद इथूनच सुरू झाला. ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७, म्हणजे तंतूंच्या जवळचा; तेव्हा ते आत मुरून पाण्याची जागा घेते, असा सरळ खुलासा आधी दिला गेला. पण ग्लिसरीन पाणी ओढते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. कातडी आक्रसते, पातळ होते, तंतू एकमेकांजवळ येतात, आणि एवढ्यानेही विकिरण घटते. मग दिसलेली पारदर्शकता अपवर्तनांक जुळल्याची की नुसती सुकल्याची? २००३च्या सुमारास तिसरी बाजू पुढे आली: ग्लिसरीन कोलॅजनच्या तंतूंची बांधणीच तात्पुरती सैल करते. काही प्रयोगांत दाट द्रावणाने बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह मंदावल्याचेही दिसले.

मला हा वाद शाब्दिक वाटत नाही. फक्त चित्र हवे असेल तर कारण कोणतेही चालेल. पण वर्णपट घेणारा (परतलेल्या प्रकाशाच्या रंगांवरून ऊतीत काय आहे ते शोधणारा) नेमके पाणी, प्रथिने, रक्तातला ऑक्सिजन मोजायला निघालेला असतो, आणि द्रावण त्यांच्यातच ढवळाढवळ करते. २०१३ नंतर मेंदूतला मेद काढून तो काचेसारखा करण्याच्या पद्धती गाजल्या आणि त्यांनाही ‘क्लिअरिंग’च म्हटले गेले. तिथे ऊती मृत असतात, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. एकच शब्द दोन्हीकडे वापरल्याने जिवंत कातडीवरचे मूळ प्रश्न मागे पडले.

रामन वर्णपटात (विखुरताना रंग बदललेल्या प्रकाशावरून रेणू ओळखायचे; २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन ज्या शोधासाठी, तोच) ही अडचण उघडी पडते. सुमारे एक कोटी फोटॉनांत (प्रकाशकणांत) एखादाच कामाचा, त्यामुळे विकिरण कमी करण्याचा मोह मोठा. २००८ मध्ये अमेरिकेत उंदराच्या कातडीवर ग्लिसरीन लावून आतल्या हाडाचा संकेत सुधारल्याचे दाखवले गेले. हाडाच्या फॉस्फेटचे शिखर ९५९ सेंमी⁻¹च्या (रामन वर्णपटाचे एकक) आसपास असते, तिथे फारसा त्रास नाही. पण ग्लिसरीनचे १४६५जवळचे शिखर प्रथिनांच्या आणि मेदाच्या १४५०च्या शिखराला खेटून बसते.

टार्ट्राझिनची चाल उलटी आहे. ते निळा प्रकाश जबरदस्त शोषते, आणि शोषण आणि अपवर्तन यांना जोडणाऱ्या १९२०च्या दशकातल्या एका गणिती संबंधानुसार त्यामुळे लाल टोकाकडे पाण्याचा अपवर्तनांक वाढतो. म्हणून खिडकी फक्त लाल प्रकाशाला उघडते. माणसाच्या बाबतीत तर आधी दाराशीच अडते: कातडीचा सर्वांत वरचा मृत थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाड, पण द्रावणाला तोच आत सोडत नाही. त्याखालची कातडीही उंदरापेक्षा बरीच जाड.

द्रावणाचा स्वतःचा वर्णपट वेगळा घेऊन वजा करता येतो. पाणी ओढले गेल्याने प्रथिनांच्या पट्ट्यांत झालेला बदल मात्र त्या वजाबाकीत निघत नाही.