मद्यधुंद वाहनचालकाची दिवाणी जबाबदारी

दारू पिऊन वाहन चालवताना दुसऱ्याला जखमी करणाऱ्या चालकावर येणारी भरपाईची जबाबदारी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 खालचा दंड सरकारजमा होतो. जखमीला त्यातली दमडीही मिळत नाही. त्याला कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. पुण्यात तो शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दाखल होतो. पण इथे जखमी झालेला सातारकर साताऱ्यातही दावा लावू शकतो. 1 एप्रिल 2022 पासून मुदत अपघातानंतर 6 महिन्यांची आहे. प्लास्टर निघण्याची वाट पाहण्यातच ती अनेकदा सरते.

सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा लावायचा ते) तिघे : चालक, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी. गाडी विकून आरटीओत नाव बदलले नसेल, तर जुना मालकच अडकतो.

कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची. ते ताशी साधारण 15 मिलिग्रॅमने उतरते; रात्री एकच्या अपघाताचा नमुना पहाटे सहाला घेतला, तर सुमारे 75 मिलिग्रॅमचा पुरावा गेलेला असतो. कातडी स्पिरिटने पुसली किंवा बाटलीत नमुना टिकवणारे सोडियम फ्लोराइड नसले, तर चालकाच्या वकिलाला आयतेच कोलीत मिळते. 19 मे 2024 च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातात तर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा पोलिसांचा आरोप आहे. तरीही रक्ततपासणीच्या अहवालावाचून दावा पडत नाही. स्थळपंचनामा, ब्रेकच्या खुणा, सीसीटीव्ही चित्रण यांवरून निष्काळजीपणा दाखवता येतो, आणि इथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही.

हा अहवाल दुधारी आहे. त्याने चालकाचा दोष दिसतो, पण कलम 150 मुळे विमा कंपनीलाही ‘पॉलिसीची अट मोडली’ असा बचाव मिळतो. अशा वेळी न्यायालये बहुधा ‘आधी भरा, मग वसूल करा’ असा आदेश देतात : कंपनी जखमीला पैसे देते आणि नंतर मालक-चालकाकडून काढते. अर्जदाराच्या वकिलाने ही मागणी अर्जातच घालावी.

दारूबद्दल वेगळी दंडात्मक रक्कम सहसा मिळत नाही. भरपाई नुकसानीवर ठरते. हडपसरचा 28 वर्षांचा, महिना 30,000 रुपये कमावणारा कारागीर घ्या. वार्षिक 3,60,000, पुढील वाढीचे 40 टक्के धरून 5,04,000. कमाईची क्षमता 40 टक्के घटली, तर वर्षाला 2,01,600 चे नुकसान. या वयाचा गुणक (वार्षिक नुकसानीला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा) 17, म्हणून 34,27,200 रुपये. उपचारखर्च, वेदना, बुडालेले पगार वेगळे. डॉक्टर पायाचे अपंगत्व लिहितो, न्यायाधिकरण मात्र कामावरचा परिणाम पाहते : तोच पाय कारकुनाला कमी, रिक्षाचालकाला जास्त महाग पडतो.

गाडीचा विमाच नसेल, तर निकाल मिळूनही पैसे हाती येत नाहीत. मग कलम 174 खाली न्यायाधिकरणाकडून दाखला घ्यायचा. जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात.