कासव आधी की कवच?

लहान मुलांना कासवाची ओळख करून देताना पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलंच असतं: कासव आपलं घर पाठीवर घेऊन फिरतं. वाक्य गोड आहे, पण त्यामुळे मुलांच्या डोक्यात चुकीचं चित्र बसतं. घर म्हटलं की त्यातून बाहेर पडता येतं. मग एखादं मूल हमखास विचारतं, "कवच काढल्यावर कासव कसं दिसतं?" या प्रश्नाला "तसं काढता येत नाही" एवढंच उत्तर देऊन थांबू नये, कारण खरी गंमत पुढेच आहे.

कवच काढता येत नाही, कारण तो कासवाचा सांगाडाच आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या रुंद होत होत एकमेकींना जुळल्या आणि त्यांची ढाल बनली. पोटाखाली हाडांचा दुसरा, सपाट भाग असतो आणि दोन्ही भाग कडेला जोडलेले असतात. वरची सुंदर नक्षी ही केराटिनच्या तुकड्यांची असते. आपली नखंही केराटिनचीच बनलेली असतात. एखाद्या संग्रहालयात रिकामं कवच उलटं ठेवलेलं दिसलं, तर मुलांना ते आतून जरूर दाखवावं. मधोमध मणक्यांची ओळ आणि तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या बरगड्या स्पष्ट दिसतात. या हाडांना जाण असते. कासवाच्या पाठीवर हलकेच बोट फिरवलं, तरी त्याला ते कळतं.

मग ही ढाल आली कुठून? हे कोडं शास्त्रज्ञांना फार काळ सुटत नव्हतं. जर्मनीत सापडलेलं प्रोगॅनोकेलिस नावाचं कासव सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वीचं. पण त्याचं कवच आजच्यासारखंच पूर्ण तयार होतं. फक्त त्याला मान आत ओढता येत नव्हती आणि मानेवर संरक्षणासाठी काटे होते. म्हणजे कवचात डोकं लपवण्याची कला कवचानंतर आली! त्याआधीच्या पायऱ्या मात्र सापडत नव्हत्या.

२००८ मध्ये चीनमधल्या एका जीवाश्माची माहिती प्रसिद्ध झाली आणि चित्र बदललं. ओडोंटोकेलिस हे त्याचं नाव. वय सुमारे २२ कोटी वर्षं. त्याच्या पोटाखालचं कवच पूर्ण होतं, पाठीवर मात्र नुसत्या रुंद बरगड्या होत्या. आजच्या कासवाला दात नसतात, चोचीसारखे धारदार जबडे असतात. ओडोंटोकेलिसला दात होते. आणखी मागे गेलं, तर दक्षिण आफ्रिकेत सापडलेला, सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीचा यूनोटोसॉरस भेटतो. दिसायला सरड्यासारखा, कवच नाही, पण बरगड्या चांगल्याच रुंद. कासवांच्या पूर्वजांच्या जवळचा म्हणून अनेक संशोधक त्याच्याकडे बघतात.

रुंद बरगड्या मुळात संरक्षणासाठी नव्हत्याच, असा एक विचार २०१६ मध्ये मांडला गेला आणि मला तो फार पटतो. या प्राण्यांचे पुढचे पाय जमीन उकरण्याजोगे होते. उकरताना जोर लावायचा तर धड ताठ हवं आणि रुंद बरगड्यांनी ते ताठ राहतं. पण ताठ धडाने झपाट्याने पळता येत नाही आणि श्वास घेणंही अवघड होतं. हे खरं असेल, तर कासवाचं हळू चालणं त्याच्या कवचापेक्षाही जुनं आहे.

श्वासाची अडचण कासवांनी वेगळ्या रीतीने सोडवली. आपली छाती फुगते, कारण बरगड्या हलतात. कासवाच्या हलत नाहीत, म्हणून पोटातले खास स्नायू हवा आत-बाहेर करतात. घाबरलेलं कासव डोकं आणि पाय झटकन आत घेतं, तेव्हा जो फुस्स आवाज येतो, तो फुप्फुसातली हवा दाबली जाऊन बाहेर पडल्याचा. मुलांना वाटतं ते चिडलंय.

डायनोसॉर आले आणि गेले, कासवं राहिली. जमिनीवर राहणाऱ्या, खांबासारख्या पायांच्या कासवांचं कुटुंब मात्र डायनोसॉरांनंतरचं. त्यातली काही समुद्रात वाहून दूरच्या बेटांवर पोचली आणि तिथे प्रचंड मोठी झाली. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांवर दमट, हिरव्या भागांतल्या कासवांचं कवच घुमटासारखं असतं; कोरड्या बेटांवर ते पुढून उचललेलं असतं, म्हणजे मान उंच करून निवडुंग खाता येतो. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन तिथे गेला, तेव्हा कासव पाहून ते कोणत्या बेटावरचं आहे हे सांगता येतं, असं त्याला तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं.

पण माणसापुढे ही ढाल उपयोगी पडली नाही. ही कासवं अन्नपाण्याशिवाय कित्येक महिने तग धरतात, म्हणून खलाशी त्यांना ताजं मांस म्हणून जिवंतच जहाजाच्या तळघरात रचून ठेवत. डार्विनच्या जहाजानेही खाण्यासाठी कासवं घेतली होती. गॅलापागोसवरून अशी एक लाखाहून जास्त कासवं नेली गेली असा अंदाज आहे. मोठं व्हायला वीस-पंचवीस वर्षं लावणाऱ्या प्राण्याला ही तूट भरून काढणं शक्यच नव्हतं.

आयुष्य मात्र त्यांचं खरोखर लांब. जोनाथन नावाच्या कासवाला १८८२ मध्ये सेंट हेलेना बेटावर आणलं, तेव्हाच तो पूर्ण वाढलेला होता, म्हणून त्याचा जन्म साधारण १८३२चा धरतात. आणि १९६८ मध्ये दोन कासवं सोव्हिएत संघाच्या झोंद-५ यानातून चंद्राला वळसा घालून जिवंत परतली, तेही माणूस चंद्राजवळ पोचण्याआधी! मुलांना हे सांगून बघाच.

गॅलापागोसमधल्या पिंटा बेटावर १९७१ मध्ये एकच कासव सापडलं. लोनसम जॉर्ज असं त्याचं नाव पडलं. त्याच्या जातीचा जोडीदार कधीच मिळाला नाही आणि जून २०१२ मध्ये तो गेला. गॅलापागोसमधल्याच एस्पान्योला बेटावरही जेमतेम चौदा उरली होती. त्यांना वेळीच गोळा केलं, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातला दिएगो नावाचा नर पंधरावा म्हणून त्यांच्यात आणला, अंडी उबवून पिल्लं वाढवली आणि बेटावर सोडत राहिले. जून २०२० मध्ये त्या मूळच्या पंधरांनाही बेटावर परत नेलं, तोवर तिथे सुमारे २,००० कासवं फिरत होती.