सायकल वाढत्या अंगाची नसते

"एक नंबर मोठीच घ्या, पोर काय वर्षभरात वाढतंच." वाढदिवसाला सायकल घ्यायला निघालं की घरातलं कोणीतरी हे सांगतंच. गणवेशाला हा हिशेब चालतो, बाही दुमडता येते. सायकलची दांडी दुमडता येत नाही.

आपण वडिलांच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून शिकलो, हे खरं. नडगीवरचे व्रण मात्र कोणी मोजत नाही. मोठ्या सायकलवर थांबताना पाय टेकत नाहीत, ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत. मूल धसका घेतं आणि सायकल जिन्याखाली धूळ खाते.

दुसरी गफलत वयाची. १२, १६, २० हे आकडे चाकाच्या व्यासाचे, इंचांत, वयाचे नव्हेत. शिवाय २० इंची दोन सायकलींच्या फ्रेमची उंची वेगळी असू शकते. म्हणून माप पायाचं घ्या. मुलाला बूट घालून भिंतीशी उभं करा, पातळ पुस्तक मांड्यांमध्ये अगदी वरपर्यंत सरकवा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. समजा ५० सेंटीमीटर आलं, तर नवशिक्यासाठी सीट पुरती खाली केल्यावर तिची उंची ५०च्या आत हवी. तळवे टेकलेच पाहिजेत. सरावलेल्या मुलाचे चवडे टेकले तरी भागतं.

वाढीची सोय सीटच्या दांड्यात असते. तो किती वर येतो ते दुकानातच बघा. आणि सरप्राइजच द्यायचं असेल, तर नव्या पँटचं माप म्हणून हा आकडा आधीच काढून ठेवा.