सोळाव्या वर्षी मिळणारा चेहरा

लग्नाच्या बायोडाटात ‘वर्ण’ हा रकाना अजून टिकून आहे. आमच्या कोल्हापुरात त्यात गोरा, निमगोरा, फार तर गव्हाळ लिहितात. सावळा लिहायची पाळी आली की रकानाच गायब होतो. सोबतचा फोटो स्टुडिओवाला न सांगता जरा उजळून देतो. जबरदस्ती कुणी करत नाही, चार लोकांत बरं दिसावं एवढंच. किशोरवयीनांसाठीच्या डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातला जाचक समाज रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांनी या बरं दिसण्याला सरकारी खातं जोडलं. त्यांची वंशावळ मात्र शंभर वर्षं मागे जाते.

येवगेनी झाम्यातिनने १९२०-२१ च्या सुमारास रशियात लिहिलेल्या ‘वी’मध्ये माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची, कपडे एकसारखे. तरी निवेदकाला एक गोष्ट खुपते: नाकं अजून वेगवेगळी आहेत, आणि त्यापायी हेवा शिल्लक आहे. सत्ता मात्र नाकांच्या वाटेला जात नाही. ती मेंदूतलं कल्पनाशक्तीचं केंद्रच क्ष-किरणांनी जाळून टाकते.

चेहऱ्यावर हात घातला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लेखकांनी. चार्ल्स बोमाँटच्या १९५२ च्या कथेत ठरलेल्या वयात प्रत्येकाला ठरलेलं रूप घ्यावं लागतं. त्यावरून १९६४ मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन मालिकेचा एक भाग झाला. त्यातली अठरा वर्षांची मुलगी आहे तशीच राहायचं म्हणते. तिला कुणी मारत नाही, कोंडून ठेवून छळतही नाही. आई, मैत्रीण, डॉक्टर सगळे गोड बोलतात. अखेर ती मैत्रिणीसारखीच दिसायला लागते आणि आरशापुढे हरखून उभी राहते. मला हा शेवट अजून अंगावर येतो.

इंग्लंडमध्ये एल. पी. हार्टलीने १९६० मध्ये उलटी बाजू मांडली. त्याच्या ‘फेशियल जस्टिस’मध्ये अतिसुंदर बायकांचे चेहरे शस्त्रक्रियेने सर्वसाधारण केले जातात, कारण सौंदर्यामुळे दुसऱ्याला हेवा वाटतो. पुढच्याच वर्षी कर्ट व्हॉनेगटच्या एका कथेत देखण्या नर्तकींना मुखवटे घालावे लागले. सगळ्यांना वर ओढा नाहीतर खाली, सत्तेला हवी असते ती सपाटी.

ही सगळी मोठ्यांची पुस्तकं. लॉइस लाउरीच्या ‘द गिव्हर’ने १९९३ मध्ये सपाटीचा विषय मुलांच्या हातात दिला. तिथे रंग दिसतच नाहीत, सगळ्यांची कातडीही एकसारखी. पण चेहऱ्याचा धागा खऱ्या अर्थाने उचलला तो स्कॉट वेस्टरफेल्डच्या २००५ मधल्या ‘अग्लीज’ने.

बारा ते सोळा वर्षांची मुलं यात ‘अग्ली’, म्हणजे कुरूप, आणि त्यांचा मुक्काम वेगळ्या वसाहतीत. एकमेकांना ती व्यंगावरूनच हाक मारतात: नायिका टॅली ही तिरळी, शे ही काटकुळी, पेरिस हा नाक्या. आपल्या पेठापेठांत काळ्या, जाड्या, बुटक्या चालतं, अगदी तसं. फावल्या वेळात ती पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याचा अर्धा भाग दुप्पट करून नवा, समतोल चेहरा जुळवत बसतात. फोनमधल्या फिल्टरच्या बऱ्याच आधीची ही कल्पना. सोळावं लागलं की सर्वांवर शस्त्रक्रिया, तीही फुकट. कारण ऐकायला पटणारं आहे: पूर्वी माणसं कातडीच्या रंगावरून एकमेकांचे जीव घेत. पुढे कळतं की त्याच टेबलावर मेंदूतही काहीतरी केलं जातं आणि माणूस आनंदी, सुस्त, आज्ञाधारक होतो. डॉक्टर, अग्निशामक अशा काही मोजक्यांचा मेंदू तेवढा शाबूत असतो, कारण त्यांनी विचार केल्याशिवाय शहर चालत नाही. माझ्या मते अख्ख्या कादंबरीतला सर्वांत धारदार तपशील हाच.

रूपावरून माणसाला जागेवर बसवणं आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची. आणि हे करायला पुढे येतात त्या शेजारपाजारच्या, नात्यातल्या बायकाच. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. कादंबऱ्यांत समित्या चेहरे ठरवतात. इथे गावच्या समितीने ते ठरवणं थांबवायला सांगितलं, एवढाच काय तो फरक.

वेस्टरफेल्डनंतर या प्रकाराची लाटच आली. सुझन कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये (२००८) मरणाच्या खेळात सोडण्याआधी नायिका कॅटनिसचं अंग घासूनपुसून, केस उपटून तिला ‘दाखवण्याजोगी’ केली जाते, कारण प्रेक्षकाला आवडली तरच प्रायोजक मदत पाठवणार. ती जिंकल्यावर आयोजकांना शस्त्रक्रियेने तिचा बांधाही बदलायचा असतो. तिचा मार्गदर्शक हेमिच ते होऊ देत नाही. २०११ मध्ये आलेल्या लॉरेन ऑलिव्हरच्या ‘डिलिरियम’मध्ये शस्त्रक्रिया आहेच, फक्त ती प्रेमावर, आणि वय अठरा. या नायिका बोमाँटच्या मुलीसारख्या आरशापुढे हरखत नाहीत, विरोध करतात किंवा पळून जातात. वाचक स्वतः त्याच वयाचा असल्यामुळे लेखकांना तेवढी वाट उघडी ठेवावी लागली असावी.

‘अग्लीज’वरचा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. कुरूप टॅलीच्या भूमिकेत जोई किंग आहे, आणि तिला कुरूप मानायचं कसं, हीच तक्रार पाहणाऱ्यांनी सर्वांत आधी केली.